इव्हेंटवाल्याचा पोर्टफोलिओ : नांदेड-लातूर आवृत्ती

पुण्या-मुंबईचे इव्हेंट प्लॅनर आपलं काम टॅबवर दाखवतात. आपल्याकडे गिऱ्हाईक एकटं येत नाही. मुलीचे वडील, चुलते, मामा आणि गावचे एक माजी सरपंच असा लवाजमा येतो. टॅब एकाच्या हातात जातो, बाकीचे चहा पीत छताकडे बघतात. म्हणून जाड पुठ्ठ्याचा अल्बमच करावा. 'बिछायत केंद्र' ही जुनी पाटी उतरवून 'इव्हेंट्स' लावली असली, तरी दुकानातल्या गाद्या आणि कढया हलवू नयेत. लग्न ठरवायला आलेला माणूस आधी कढईचं बूड वाजवून बघतो.

अनुभव लिहिताना मोह आवरावा. २००८ साली नांदेडला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यात तुमची एक कनात लागली असेल, तर कनातच लिहावी; सोहळा लिहू नये. एप्रिल २०२२मध्ये उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथे कूलर पुरवले असतील, तर मात्र ठळक अक्षरांत लिहावं. एप्रिलातल्या उदगिरात ती साहित्यसेवाच आहे. आणि २०१६च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, ज्यानं लातुरात लग्न पार पाडलं त्यानं टँकरचा फोटो स्टेजच्या आधी लावावा.

आता खरं प्रकरण : व्यासपीठ. या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव आणि अशोक चव्हाण नांदेडचे, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख लातूरचे. त्यामुळे इथे साहेब आल्याशिवाय लग्न लागत नाही. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. १२.३५ला माईकवाला जाहीर करतो की साहेबांची गाडी फाट्यावर आली आहे. तासाभरानंतरही ती फाट्यावरच असते. बायकांच्या मुठीत अक्षता घामानं चिकटतात, त्यांचा रंग तळव्याला लागतो. बाशिंग बांधलेला नवरदेव अंतरपाटाआड या पायावरून त्या पायावर होतो. भटजी घड्याळ बघायचं सोडून देतात. मग साहेब येतात, 'मी दोनच शब्द बोलणार' म्हणतात, आणि ऊस, रस्ता व पाणी या तिन्हींवर बोलतात.

फुलांच्या कमानी आणि ड्रोनचे फोटो सगळेच लावतात. तुम्ही त्या दीड तासाचे लावा. म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या पंगती आधीच कशा उठवल्या, ते दाखवा. दोन पक्षांचे दोन नेते एकाच वेळी आले तेव्हा दोन्ही सोफे सारख्या उंचीचे होते, हा फोटो तर टेप लावून काढलेला असावा. फेटे कुणाला आणि टॉवेल-टोपी कुणाला, याची यादी दाखवावी. नावं मात्र झाकावीत. टोपीवर भागवलेला मावसा पुढच्या गिऱ्हाइकाचा सासरा निघण्याची शक्यता असते.

अल्बम दोन करावेत. विभागीय आयुक्तालय कुठे व्हावं यावरून ही दोन शहरं वर्षानुवर्षं हटून बसली आहेत. लातूरकराला नांदेडचं लग्न दाखवलं, की तो 'आमच्याकडं असं चालत नाही' म्हणून अल्बम मिटतो. नांदेडकरही तेच करतो. फोटो तेच ठेवून कार्यालयाची पाटी कापली तरी भागतं.

शेवटची गोष्ट पैशाची. ज्या लग्नाचे फोटो लावाल, त्या यजमानाकडे तुमची बाकी नसावी. 'सोयाबीनला भाव आला की देतो' म्हणणाऱ्याचं लग्न कितीही देखणं झालं असलं तरी वगळावं. नवं गिऱ्हाईक फोटो बघून झाले की आधी त्यालाच फोन लावतं. आणि पैसे ठेवलेला माणूस हमखास सांगतो, की मांडव गळत होता. लग्न मे महिन्यात झालेलं असतं.