कसंतरी होतंय

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये इंटर्नशिप केलेल्या माणसाला भाषेची भीती घालू नये. सकाळच्या ओपीडीत पहिली आजी मराठीतून पोट धरून येते, दुसरी कानडीतून 'होट्टे नोवु' म्हणते, तिसरा पूर्व भागातला विणकर तेलुगूतून 'कडुपु नोप्पि' म्हणतो. आपण तिन्ही पोटं एकाच हातानं दाबायची आणि 'चला, पुढचा' म्हणायचं. इंग्रजीत तर माझं अख्खं एमबीबीएस झालेलं. विलायतेत भाषेची काय अडचण येणार?

शिवाय दुखण्याच्या बाबतीत मी गर्भश्रीमंत घरातली. मराठीत कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा, मुरडा वेगळा. पाठीत उसण भरते, अंगात कणकण असते, जीव घाबरा होतो. आणि या सगळ्यांच्या वर छत्रपतीसारखी बसलेली एक तक्रार: 'कसंतरी होतंय'. या आजाराला कुठल्याही पाठ्यपुस्तकात प्रकरण नाही. मेडिसिनचे आमचे सर मात्र बजावून सांगायचे, की कसंतरी म्हणणाऱ्या बाईला कधी हसून परत पाठवू नका. आधी ईसीजी काढा, मग हसा.

मी इंग्लंडला जायचं ठरवलं तेव्हा घरात निरोपाचा कार्यक्रम झाला आणि बाबांनी भाषण केलं. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, रखमाबाई १८८९ साली लंडनला शिकायला गेल्या, आणि आता आमची कन्या. दोघीही शिकून परत आल्या, एवढा एक मुद्दा त्यांनी भाषणातून गाळला. तो आत्यानं जेवताना काढला.

जाणं म्हणजे काही तिकीट काढून विमानात बसणं नव्हे. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं १९७५ साली परदेशी डॉक्टरांचं वैद्यकज्ञान आणि इंग्रजी दोन्ही तपासायला सुरुवात केली. त्या परीक्षेचं आजचं नाव प्लॅब. त्याआधी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. त्यात एकूण साडेसात आणि कुठल्याही विभागात सातच्या खाली नाही, अशी अट. मला लेखनात साडेसहा पडले. बोलण्यात आठ, ऐकण्यात साडेआठ, लिहिण्यात साडेसहा. डॉक्टरचं अक्षर कुणाला लागत नाही म्हणतात, ते इथवर येऊन पोहोचलं असावं. दुसऱ्यांदा बसले, निघालं. मग कागदपत्रं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझं आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी आणि मध्ये दोन्हीकडे वडील. त्यामुळे काही महिने मी त्या लोकांच्या लेखी दोन निरनिराळ्या बायका होते आणि त्यांपैकी एक बहुधा पुरुष.

प्लॅबचा पहिला भाग १८० प्रश्नांचा. तो सोपा, म्हणजे आपल्याकडच्या कुणालाही सोपा. पर्यायांवर काळे गोल भरत आपली सगळी तरुणाई जाते. खरी गंमत दुसऱ्या भागात. तो मँचेस्टरला होतो. १६ खोल्या, प्रत्येक खोलीत आठ मिनिटं, आणि दाराबाहेर दीड मिनिट प्रसंग वाचायला. आत पेशंट म्हणून नट बसलेला. ज्याचं काही म्हणजे काही दुखत नाही अशा माणसाला आठ मिनिटांत बरं करायचं. सिव्हिलमध्ये आठ मिनिटांत आठ खरे पेशंट होतात आणि शिवाय एकाला आपण रागावूनही घेतो.

परीक्षेच्या तयारीसाठी मँचेस्टरला एका घरात आम्ही चौघी राहत होतो. एक लागोसची, एक लाहोरची, एक कैरोची आणि मी. वैद्यक सगळ्यांनाच येत होतं. येत नव्हतं ते 'सॉरी' म्हणणं. पेशंटनं दुःख सांगितलं की दोन सेकंद थांबायचं, मान किंचित कलती करायची आणि हळू आवाजात 'आय ॲम सॉरी टु हिअर दॅट' म्हणायचं. न थांबता म्हटलं तर ते पाठांतर, तीन सेकंद थांबलं तर विसरलात. रोज संध्याकाळी लाहोरवाली रडायची आणि आम्ही तिघी आळीपाळीनं सॉरी म्हणायचो. शेजाऱ्यांना काय वाटत असेल देव जाणे. ही सवय अंगात इतकी भिनली की एकदा सरावात लागोसवाली म्हणाली, 'डॉक्टर, माझं गेल्या महिन्यात लग्न झालं,' आणि मी मान कलती करून म्हटलं, 'आय ॲम सॉरी टु हिअर दॅट.' ती नाटक थांबवून म्हणाली, 'इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी समजून घेतलं.'

दुसरी गोष्ट म्हणजे आईस. हा बर्फ नव्हे. तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. पेशंटला विचारायचं: तुम्हाला काय झालं असेल असं वाटतं? तुम्हाला कशाची काळजी वाटते? आमच्याकडून तुमची काय अपेक्षा आहे? कल्पना, काळजी, अपेक्षा. हे सिव्हिलमध्ये विचारलं असतं तर मागच्या रांगेनं माझ्या हातातून केसपेपर हिसकावून दुसऱ्या डॉक्टरकडे नेला असता. मँचेस्टरला मात्र यालाच मार्क. मी ते तीन प्रश्न आंघोळ करताना म्हणायचे, ट्राममध्ये म्हणायचे, आणि पास झाले.

नोकरी मिळाली डर्बीशायरमधल्या एका गावात. आईनं बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकरी, कुकर आणि खळ घालून इस्त्री केलेले दोन पांढरे ॲप्रन भरले होते. पहिल्या दिवशी मी ॲप्रन चढवून वॉर्डात गेले तर सगळे पाहुण्याकडे पाहावं तसे पाहू लागले. इंग्लंडात २००७च्या सुमारास फतवा निघाला: कोपराच्या खाली काही नको, ना बाही, ना घड्याळ. त्यात पांढरा कोटही गेला. मी सिस्टरला घाईघाईनं विचारलं, 'मग ॲप्रन कुठला घालायचा?' तिनं भिंतीवरच्या गुंडाळीतून प्लॅस्टिकचा एक टराटरा फाडून दिला. शहाळेवाला पिशवी देतो तसा.

बाबांची अडचण वेगळी झाली. मी फोनवर सांगितलं की आमचे सर्जन फार मोठे आहेत, त्यांना सगळे 'मिस्टर' म्हणतात. बाबा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, 'पदवी गेली का त्यांची?' मी समजावलं, की १७४५पर्यंत लंडनमध्ये न्हावी आणि सर्जन एकाच संघात होते, डॉक्टर म्हणवून घ्यायचा मान फक्त फिजिशियनांना होता, आणि पुढे सर्जन मोठे झाले तरी त्यांनी मिस्टरपण अभिमानानं जपलं. 'म्हणजे तुझा साहेब न्हावी आहे,' एवढंच त्यांनी घेतलं आणि गल्लीत सांगितलं. मला मात्र कुणी मिस्टर म्हटलं नाही, डॉक्टरही क्वचितच. सोलापूरच्या आज्या हाक मारायच्या, 'ओ नर्सबाई!' सात हजार किलोमीटर ओलांडून आले तर इथल्या आज्या म्हणतात, 'नर्स!' आणि लाडात आल्या की 'मी डक'. डक म्हणजे बदक. त्या भागात सगळ्यांनाच म्हणतात. पहिला आठवडा मी चालण्याकडे लक्ष देत होते.

पण खरी फजिती दुखण्यांची. राउंडला आमचे साहेब एका आजोबांना म्हणाले, 'हाऊज द वॉटरवर्क्स?' सोलापूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वॉटरवर्क्स म्हटलं की एकच चित्र येतं, नळाचं. तेवढ्यात आजोबा सांगू लागले: धार अगदी बारीक, मध्येच बंद पडते, किती वेळ उभं राहावं लागतं, आणि रात्री चारचारदा उठावं लागतं. मला भरून आलं. अगदी आमच्याच गल्लीतला माणूस! आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, एवढंच सांगायचं राहिलं, कारण पुढच्याच वाक्यात प्रोस्टेटचा विषय निघाला.

आणि हे लोक सांगतातही किती कमी! आपल्याकडे अंगठ्याला ठेच लागली तरी 'मेलो, मेलो डॉक्टर'. इथं अपेंडिक्स फुटलेला शेतकरी राखाडी चेहऱ्यानं झोपून म्हणतो, 'नॉट टू बॅड.' 'अ बिट सोअर.' पहिल्या महिन्यात मी हे खरं मानायचे. मग तोडगा माझा मीच काढला: इंग्रजी 'अ बिट'चं मराठी करताना पौंडाचा भाव लावायचा. शंभरानं गुणायचं. 'अ बिट शॉर्ट ऑफ ब्रेथ' म्हणजे ऑक्सिजन आणा. 'बीन बेटर' म्हणजे नातेवाइकांना फोन करा.

एका रात्री ड्यूटीवर ब्लीप, म्हणजे इथला पेजर, वाजला. ऐंशीच्या घरातली बाई, दुपारीच दाखल झालेली. नर्सनं सांगितलं, बीपी ठीक, नाडी ठीक, काही विशेष नाही, फक्त ती म्हणते, 'आय हॅव कम ओव्हर ऑल फनी.' फनी म्हणजे काय, हे नर्सलाही नीट सांगता येईना. छातीत दुखतं का? नाही. चक्कर? तशी नाही. मळमळ? मळमळही नव्हे. बाई पांघरूण मुठीत धरून माझ्याकडे बघत होती. मी ते बघणं ओळखत होते. तिचं वाक्य मी मनातल्या मनात मराठीत केलं आणि ईसीजीचं मशीन मागवलं. कागद बाहेर आला तो बघून मी पहिल्यांदाच त्या देशात कुणालाही सॉरी न म्हणता पळत फोनकडे गेले. बाई वाचल्या. जाताना म्हणाल्या, 'यू आर अ गुड नर्स, मी डक.'

गेल्या महिन्यात, रात्रपाळी करून झोपले होते, तर आईचा फोन. आवाज उतरलेला.

'अगं, सकाळपासून कसंतरी होतंय.'

मी ताडकन उठून बसले. पण दोन वर्षांची सवय तोंडातून आधी बाहेर पडली. दोन सेकंद थांबले, मान कलती झाली, आणि मी म्हटलं, 'ऐकून वाईट वाटलं. तुला स्वतःला काय वाटतं, कशामुळे होत असेल?'

पलीकडे शांतता. मग फोनवर हात न ठेवताच, 'अहो, हिलाच काहीतरी झालंय.'

'तसं नाही गं. तुला विशेष कशाची काळजी वाटतेय का?'

'आता तुझी वाटायला लागली.'

'बरं, माझ्याकडून तुझी काय अपेक्षा आहे?'

हा प्रश्न मराठी आईला विचारू नये, हे मँचेस्टरला कुणी शिकवत नाही. ती चाळीस मिनिटं बोलली. मध्येच मी ओरडून बाबांना ईसीजी काढायला पाठवलं. आईला रिक्षात घातलं तेव्हा ती माझ्या लग्नावर होती, दवाखान्यात पट्ट्या लावताना आत्याच्या मुलीच्या बंगल्यावर. ईसीजी नॉर्मल निघाला. आदल्या रात्री तिनं पाच शेंगापोळ्या खाल्ल्या होत्या. बाबांनी व्हिडिओवरून मला तो कागद दाखवला, तेव्हा मागून अपेक्षा क्रमांक अकरा चालूच होती.