अप्पांची खतावणी

अप्पा तुमच्याही आळीत असतील. बँकेतून निवृत्त झालेले, पण पोट निवृत्तीला तयार नाही. आमचे अप्पा रत्नागिरीत टिळक आळीच्या बाजूला राहतात आणि गेली कित्येक वर्षं वजन उतरवताहेत.

त्यांच्या हिशेबी चालणं ते जमा, खाणं ते नावे. इथवर कुठलाही डॉक्टर मान डोलावेल. गोम अशी की वहीच्या दोन्ही बाजू अप्पाच लिहितात. सकाळी मारुती मंदिरापर्यंत जाऊन आले की चार घावन. "चालण्यातून वळते केले." पाय दुखला म्हणून गेले नाहीत, तरी चारच. "उद्याच्यातून वळते करू." मांडवीला फेरी मारायची ती भेळेच्या गाडीपर्यंत, परतीचं चालणं आधीच भेळेत वळतं झालेलं असतं, म्हणून येताना रिक्षा.

एकदा मी चिडून आकडे मांडले. "अप्पा, किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक. अर्धा तास झपझप चाललात तर जेमतेम दीडशे जातात. आणि तुम्ही झपझप चालत नाही."

अप्पांनी मनातल्या मनात भागाकार केला, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मुदत ठेव आहे रे ही. मुदतीआधी मोडली तर नुकसान."

मग पुण्याच्या मुलानं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. वडिलांना चालायला उमेद यावी हा हेतू. ती आली, पण भलतीकडून. गणपतीत मोदकांसाठी नारळ खवायला बसले असताना अप्पांना शोध लागला, की हात हलला तरी घड्याळ पावलं धरतं. त्या दिवशी अप्पा विळीवर बसल्या बसल्या भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आले. वर ते खोबरं ज्या मोदकांत गेलं, ते मोदक त्याच पावलांतून वळते. काकूंनी घड्याळाला नावं ठेवली नाहीत. त्या दिवसापासून घरातला एकही नारळ त्यांना खवावा लागलेला नाही. त्या घरात व्यायामाचा फायदा झालेली व्यक्ती ती एकच.

दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या ऋषींनी सांगितलेला नाही, हेही मीच अप्पांना सांगून बसलो. १९६५च्या सुमाराला जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' असं होतं. आकडा तिथून पसरला. पुढे २०१९ साली अमेरिकेत वयस्क बायकांचा अभ्यास झाला, त्यात साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला असं दिसलं.

"म्हणजे रोजचे अडीच हजार माझे जास्त घेतले!" अप्पा ताडकन उठले. (ताडकन उठणं हाही त्यांनी व्यायामात धरला असणार.)

"अहो, तुम्ही दहा हजार चाललात कधी? आणि अभ्यास बायकांचा होता."

"वय तर माझंच ना?" म्हणत त्यांनी कापा फणसाचे गरे पुढ्यात ओढले. मागची थकबाकी वसूल करायची होती.

टिळकही त्यांच्या कामी येतात. लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, ते त्यांना जन्मभर पुरलं, हे अप्पांचं लाडकं उदाहरण. अप्पांनीही तरुणपणी एक वर्ष तालीम केली होती म्हणे. त्यातून अजून वळतं चालू आहे. पावसाळ्यात तर खातं बंदच. इथं चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, पाखाडीच्या जांभ्यावर शेवाळ धरतं. "पडलो आणि हाड मोडलं, तर ते कशातून वळतं करायचं सांग!"

पण मागल्या की त्याच्या मागल्या पावसाळ्यात शेजारच्या मास्तरांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं. मास्तर भेदरलेले, उंबरठा ओलांडीनात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फाटकात छत्री घेऊन अप्पा उभे. "चला. मला एकट्याला कंटाळा येतो." आधी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत, मग देवळापर्यंत, असं करत करत दिवाळीला दोघं थिबा पॉइंटचा चढ चढले. हातात घड्याळ नव्हतं. मी विचारलं, "अप्पा, पावलं फुकट गेली की!" तर म्हणाले, "ती मास्तरांच्या नावावर. दुसऱ्याच्या खात्याला हात लावायचा नसतो." बँकेत माणूस चांगला असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

पुढे मुलानं मास्तरांना पुण्याला नेलं. आळीत अशी घरं वाढतच आहेत. कुलपाची किल्ली आमच्याकडे, पोफळी आणि आंब्यांवर लक्षही आमचंच. अप्पांचं चालणं थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. संध्याकाळी सहाला फोन लागतो. मास्तर सोसायटीच्या वाहनतळाभोवती फेऱ्या मारतात, अप्पा मांडवीला. मास्तरांना तेलकट, तिखट, गोड सगळं बंद. चालणं मात्र अप्पांच्या दुप्पट. तेव्हा दोघांनी संयुक्त खातं उघडलंय. मास्तर जमा करतात, अप्पा काढतात, आणि काय काढलं ते घासागणिक फोनवर सांगतात. भेळेत कैरी आली का, हे मास्तर दोनदा विचारतात.

परवा मास्तरांच्या सूनबाई मला फोनवर म्हणाल्या, "बाबा इतक्या उत्साहानं चालतात, काय प्रेरणा दिलीय हो तुमच्या अप्पांनी!"

मी काही बोललो नाही. अप्पा शेजारीच होते, खरवस खात.