नीरू, पाणी आणि येर

मातृभाषेतून शिक्षण हा विषय निघाला की बोलून बोलून आमच्या घशाला कोरड पडते. म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करू.

कर्नाटकातल्या निपाणीच्या शाळेत मराठी पोराला पाण्याऐवजी ‘नीरू’ म्हणायला लावलं, की आम्ही खवळतो. खवळायलाच हवं! भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय राज्यांनी करावी, असं संविधानाचं ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगतंय. त्याच्याही आधी, १९४९ साली, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी हिशेब घालून दिला होता : वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असली, की त्यांच्या भाषेचा शिक्षक द्या. हे आकडे आम्हाला तोंडपाठ आहेत. बेळगावचा विषय असला, तर झोपेतही आठवतात.

आता गडचिरोलीला चला. आकडे वाटेत विसरायचे आहेत.

धानोरा तालुक्यातलं सहा वर्षांचं पोर पहिलीत बसलंय. त्याला तहान लागते. ते म्हणतं, “येर.” गोंडीत येर म्हणजे पाणी. गुरुजींना ऐकू येतं, “ये रे.” पहिल्याच दिवशी गुरुजींना अरेतुरे! पोर तहानलेलंच राहतं आणि वर शेरा मिळतो : ‘वर्तन उद्धट. भाषेत कच्चा.’

इथे कुणी ३५० अ काढलं, तर आम्ही समजुतीच्या सुरात सांगतो, “अहो, गोंडी ही बोली. आठव्या अनुसूचीत तरी आहे का?” नाही. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे २९ लाखांवर निघाले, तरी नाही. संस्कृतवाले निघाले २४,८२१. ती आहे. उद्या एखादं पोर ‘जलम्’ म्हणत आलंच, तर त्याची आबाळ होणार नाही. ३५० अ मध्ये अनुसूचीची अटच नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर तिथे आवाज जरा चढवावा लागतो.

शेवटी मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःच गोंडी शाळा काढली. शिक्षण खात्यानं विचारलं, “परवानगी कुठाय?” बेळगावात असं विचारणारा भाषाद्वेष्टा ठरतो, गडचिरोलीत कर्तव्यदक्ष.

अन्याय काय, आम्हीही सोसलाय. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला. जूनमध्ये सवलत आली : हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी? मग वर्गात २० पोरं जमवून आणा. आम्ही गरजलो : सहा वर्षांच्या कोवळ्या जीवावर परकी भाषा लादता? २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतल्याची घोषणा झाली. पेढे वाटले, भाषणं झाली. असाच एक कोवळा जीव धानोऱ्यातही बसलाय, हे भाषणात राहून गेलं. वेळ फार कमी होता हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला गेलो. शाळा अर्थातच इंग्रजी. पण त्याच्यावर परकी भाषा कुणी लादलेली नाही, आम्हीच देणगी भरून घेतलीय. गळ्यात वॉटर बॅग अडकवून तो ऐटीत बसमध्ये चढला.

त्याला पाणी कुठल्याच भाषेत मागावं लागत नाही.