पुराच्या रेघेवर कागद

"अहो काकू, जरा इकडं बघता? हा पिस्ता आणि हा मोतिया. हॉलला कुठला बरा दिसेल?"

काकू जास्वंदीची फुलं काढत होत्या. पदराला हात पुसून त्यांनी कॅटलॉगचं ते जाडजूड बाड कंपाउंडच्या भिंतीवर टेकवून घेतलं आणि एकही पान न उलटता विचारलं, "कुठल्या भिंतीला लावणार?"

"टीव्हीच्या मागं."

"म्हणजे रेघ आहे ती?"

सांगलीत नदीच्या अंगाला राहणाऱ्याला 'कुठली रेघ' असं विचारावं लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, आणि धोक्याची पातळी आहे 45. आमच्या हॉलमध्ये तेव्हा कमरेएवढं पाणी होतं. पुढं 2021 ला पुन्हा आलं. पुट्टी झाली, प्रायमर झाला, महागातला रंग झाला, तरी दर पावसाळ्यात ती रेघ आपली हजर. आता तुळशीचं लग्न झालं की मुलाचं लग्न. म्हटलं, कागदच लावून टाकावा एकदाचा, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मीट ते बाड," काकू म्हणाल्या. "रंग मागनं बघू. अगं, पाणी ओसरलं पण मीठ कुठं ओसरलं? ते विटेत बसलंय. हवेत ओल आली की बाहेर येतं आणि पांढरं फुलतं. लोणा म्हणतात तो हाच. त्यावर तू व्हायनलचा कागद चिकटवणार, म्हणजे वरनं प्लॅस्टिकच की. भिंतीतली ओल बाहेर पडणार कुठनं? आत कोंडते, मग वाट शोधत आणखी वर चढते. आज कमरेला आहे, उद्या खांद्याला येईल. आणि कागदामागं काळी बुरशी धरेल ती वेगळीच."

"पण आत्ता हात लावला तर कोरडी लागते हो."

"हाताला काय कळतंय? पोळ्या गुंडाळायचा फॉइल असतो ना, त्याचा वीतभर चौकोन कापून भिंतीला लाव आणि चारी कडा चिकटपट्टीनं गच्च बंद कर. दोन दिवसांनी काढ. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर ओल आतली. खोलीकडच्या बाजूला धरलं असेल तर ओल हवेतली. माझा भाचा कुठल्याही खालच्या मजल्यावरच्या घरी गेला की पहिलं हेच करतो, आणि मगच कॅटलॉग उघडतो."

काकूंचा भाचा पुण्यात वॉलपेपर लावायचं काम करतो. त्यांच्या बोलण्यात भाचा आला की गॅस बारीक करून यावं लागतं. मी करून आले.

तेवढ्यात व्हरांड्यातून काका बोलले. पेपर तोंडासमोर धरला असला तरी त्यांचा कान कंपाउंडवरच असतो. "पिस्ता घेताय होय? नेपोलियनच्या खोलीत तसलाच हिरवा होता म्हणतात."

"झालं सुरू यांचं," काकू म्हणाल्या, पण ऐकत राहिल्या.

इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस तो, अर्धवट सोडणार थोडाच! 1775 मध्ये शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं तांबं आणि सोमल घालून एक झकास हिरवा रंग केला. युरोपात तो वॉलपेपरवर चढला आणि लोक त्या खोल्यांत आजारी पडू लागले. दमट घरात कागदाखाली बुरशी धरते, आणि ती बुरशी त्या सोमलाचा विषारी वायू करते, हे गोसिओ नावाच्या इटालियन माणसानं 1890 च्या दशकात दाखवलं. सेंट हेलेनावरच्या नेपोलियनच्या घरातल्या कागदाच्या तुकड्यातही सोमल सापडलं. "तो त्यानंच गेला असं मात्र नाही," काका घाईनं म्हणाले. "तो 1821 ला गेला, आणि डॉक्टरांनी पोटाचं दुखणंच धरलंय."

"आता रंगात सोमल नसतं," काकूंनी निकाल दिला, "पण ओल आहे आणि बुरशीपण आहे. ऐकलंस ना? हॉलचा नाद सोड. प्लास्टर रेघेच्या वर हात-दीड हातापर्यंत खरवडून काढायचं, विटा नीट वाळू द्यायच्या, मग चुन्याचं प्लास्टर. लग्नाआधी होणारं काम नाही ते. आत्ता नुसता चुना मार, त्यात चिमूटभर नीळ. पाहुणे भिंत बघायला येतात की नवरी?"

"मग हे कॅटलॉग परत देऊ?"

"कशाला? वरची खोली आहे की. पोराची. दोन्हीकडनं आतली भिंत, ना पाऊस ना बाथरूम. तिथं खुशाल लाव. त्या मोटारी अजून आहेत ना तिथं?"

मोटारी होत्या. मुलगा तिसरीत असताना लावलेला कागद, लाल-निळ्या रेसच्या गाड्यांचा. उद्या सून त्या गाड्यांखाली झोपणार या विचारानंच मला घाम फुटत होता.

मग निवडीचा विषय निघाला, आणि निवड म्हटलं की गल्लीतली घरं आलीच. पलीकडच्या सरांच्या घरी नव्वदच्या सुमाराला सोफ्यामागं 'सीनरी' होती. पिवळी-तांबडी झाडं, मधे ओढा, लांब बर्फाचे डोंगर. त्यांच्या घरातल्या बारशापासून साठीपर्यंतच्या प्रत्येक फोटोत कुणाच्या ना कुणाच्या डोक्यातनं सूचिपर्णी झाड उगवलेलं आहे. एकदा त्यांच्या व्याह्यांनी अल्बम चाळता चाळता विचारलं म्हणे, "तुम्ही वरचेवर स्वित्झर्लंडला जाता वाटतं?"

"ते बरे," काकू आवाज उतरवून म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी जिन्यात काय लावलंय बघितलंस? विटा! खऱ्या विटांवर प्लास्टर, प्लास्टरवर पुट्टी, पुट्टीवर रंग, आणि त्यावर पुन्हा विटांचं चित्र. गवंड्यानं काम अर्धवट टाकलं असतं तर फुकटात झालं असतं. आणि देवघराला तो स्टिकरवाला कागद. निरांजनाची काजळी बसलीय वर, पुसायला गेलं की चकाकी जाते. चिकटलेला नीट नाही, निघायचा मात्र रंगाची सालं घेऊन."

"हॉलमधली कमळं छान आहेत पण."

"कमळं छानच आहेत. पडदा बाजूला करून बघितलीस?"

नव्हती बघितली. मग काकूंनी मला जे सांगितलं ते सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलला होता, की फुलांची परडी कंपाउंडवर उन्हात राहिलीय हेही त्या विसरल्या.

दुकानदारानं डॉक्टरीणबाईंना हिशेब लावून दिला चौरस फुटांवर. भिंत 12 फूट रुंद, साडेदहा फूट उंच, म्हणजे 126 चौरस फूट. आपल्याकडं साधारण मिळतो तो रोल 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब, म्हणजे 57 चौरस फूट. तीन रोल घ्या, उरतील. कागदावर बिनचूक. पण भिंतीला कागद चौरस फुटांनी लागत नाही, पट्ट्यांनी लागतो. 12 फुटांना 21 इंचाचे सात पट्टे. ती कमळं दर 64 सेंटीमीटरनं पुन्हा येतात, आणि शेजारच्या पट्ट्याशी पाकळीला पाकळी जुळायची तर प्रत्येक पट्टा त्या 64 च्या पटीतच सुरू व्हायला हवा. साडेदहा फूट म्हणजे 320 सेंटीमीटर, वर-खाली कापायला आणखी 10. झाले 330. 64 पंचे 320 पुरत नाहीत, म्हणून सहा पट, 384. दहा मीटरच्या रोलात असे दोनच पट्टे निघतात. सात पट्ट्यांना चार रोल!

"तीन रोलांत सहा पट्टे झाले, सातव्याला कागद नाही. कारागीर शिडीवर, बाई दुकानात. चौथा रोल मिळाला, पण दुसऱ्या बॅचचा. लेबलवर बॅच नंबर असतो, तो सगळ्या रोलांवर एकच हवा. नाहीतर नाव तेच, नंबर तोच, आणि रंग एक घोट दूध जास्त पडल्यासारखा. तो सातवा पट्टा कायम पडद्याआड असतो. म्हणून त्यांचा पडदा एका बाजूचा कधी सरकत नाही."

मला इतके दिवस वाटायचं, उन्हाचा त्रास होतो त्यांना.

"तुझी वरची खोली किती उंच?"

"दहा फूट. रुंदी बाराच."

काकूंनी बोटांवर मोजलं. "305 आणि 10, 315. पाच पटीत, 320 मधे बसतं. एका रोलात तीन पट्टे. तुला तीन रोल पुरतात. अर्ध्या फुटानं एक रोल वाचला. पण दुसऱ्या डिझाइनचं अंतर वेगळं असतं, तेव्हा घेताना मागचं लेबल वाच. तिरकं जुळणारं असेल तर आणखी वाया जातं. कोरियन रोल जवळजवळ दुप्पट रुंद येतो, जोड कमी दिसतात, पण ते धूड पेलायला दोन माणसं लागतात. आणि नॉन-वोव्हन मिळाला तर तोच घे. त्यात गोंद भिंतीला लावायचा, कागदाला नाही. उद्या नको झाला तर कोरडाच सरसर निघतो. मोटारीवाला तसा नाही बघ, तो तुला रडवणार."

आणि मग त्या खऱ्या रंगात आल्या. लावण्यापेक्षा काढण्याचं त्यांना जास्त प्रेम आहे असं माझं मत झालंय.

"गडीमाणसाच्या हातात पत्रा देऊन 'खरवड' म्हणू नकोस. पुट्टीसकट खड्डे पाडेल. आधी खोलीचा मेन स्विच बंद. भिंतीवर पाणी मारणार आहेस आणि मधे बोर्ड आहे, लक्षात ठेव. मग एक कोपरा नखानं उचकट. मोटारींचा वरचा चकचकीत पापुद्रा निघेल, तो कोरडाच ओढ. वर नाही, खाली, भिंतीला लगटून. खाली पांढुरका कागद राहील. पाणी प्यायचं ते यानं. वरच्या प्लॅस्टिकवर कितीही पाणी ओत, ते नुसतं ओघळतं. लोक इथंच चुकतात. कोमट पाणी, थोडा साबण, स्पंज. दोन हात भिजव, आणि दहा-पंधरा मिनिटं बस. बस म्हणजे खरोखर बस. चहा पी. कागद गडद झाला की रुंद पात्यानं, आडवं धरून सारायचं. सालीसारखा येतो. नाही आला तर पुन्हा भिजव, जोर लावू नकोस."

"आणि देवघरातला तो स्टिकर?"

"त्यांचा ना? त्याला पाणी नाही, ऊब. केस वाळवायचं मशीन फिरवायचं आणि हळूहळू सोलायचं. सांगू नकोस त्यांना मी सांगितलं म्हणून."

"मग झालं? लगेच नवा लावायचा?"

"कुठलं झालं? गोंद राहतो भिंतीवर. दिसत नाही. ओला हात फिरव, बुळबुळीत लागलं की आहे. कोमट पाण्यानं पुसून काढायचा, पाणी सारखं बदलायचं. राहिला तर वरचा रंग तडकतो. पुसून झालं की चांगलं वाळू दे, खड्डे भर, पॉलिश पेपर मार, आणि प्रायमर. प्रायमरशिवाय गोंद भिंतच पिऊन टाकते."

गोंदावरून त्यांना मिरजेचं माहेर आठवलं. वडील वह्या बांधायचे. घरात कायम खळीचं पातेलं, मैद्याची खळ, त्यात मोरचूद, म्हणजे झुरळं आणि कसर लागू नये. "भावानं एकदा तसलीच खळ करून गणपतीच्या मखराला रंगीत कागद लावले, पण मोरचूद घालायला विसरला. अनंत चतुर्दशीपर्यंत निम्मं मखर झुरळांनी खाल्लं. म्हणून सांगते, दुकानात वॉलपेपरचा गोंद मिळतो, त्याची पावडर घे. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी. घरात मैदा पडलाय म्हणून काटकसर नको."

लावण्याचं त्यांनी फार लांबवलं नाही. ते माणसाचं काम, आपण नुसतं बघायचं. बघायचं एवढंच, की पहिला पट्टा त्यानं ओळंबा सोडून आखलेल्या रेघेला लावला, की कोपऱ्याला धरून. "कोपरा सरळ असतो असं गवंडीसुद्धा म्हणत नाही. कोपऱ्याला धरून लावला की चौथ्या पट्ट्याला सगळी वेल कलते. बोर्डाची झाकणं काढून कागद आत सारला पाहिजे, कडेनं कापला तर उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. पातं बोथट झालं की ओला कागद फाटतो, म्हणून सारखं बदलायला लाव. आणि संपल्यावर पंखा लावून बसू नका गारव्याला. भरभर वाळला की जोड उघडतात. रात्रभर राहू दे तसाच."

काकांनी पेपर घडी केला. "इंग्लंडात वॉलपेपरवर कर होता, 1712 पासून 1836 पर्यंत. छापील कागदावर. लोक काय करायचे, कोरा कागद लावून घ्यायचे आणि मग भिंतीवरच नक्षी छापून घ्यायचे."

"शहाणे होते," काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदा कॅटलॉग उघडून, चष्मा कपाळावर सारून, एकेक पान बोटांत चोळून बघायला लागल्या. बारीक पानांची एक वेल त्यांना पसंत पडली. फिक्या राखाडीवर, लांबनं जवळजवळ साधीच. लेबल वाचलं. 64 च होतं. नॉन-वोव्हन होतं.

"हाच घे. सात पट्टे लागतात, तिनांत नऊ निघतात. दोन उरतात."

"उरलेले टाकायचे नाहीत ना?"

"टाकायचे कसले? एक जपून ठेव, गुंडाळी करून, कपाटावर. उद्या नातवंडानं पेन चालवलं की तेवढाच तुकडा बसवता येतो. दुसरा मला दे. मसाल्याच्या कपाटाची दारं आतनं फार कळकट झालीत."