टूल : डेटा आणते

‘गेटडेटा : डेटा आणते.’ एआय एजंटच्या हाती दिलेल्या टूलचं हे समग्र वर्णन. कुणाचा डेटा, तारखेत आधी दिवस की महिना, काहीच सापडलं नाही तर काय परत येणार, सगळं अध्याहृत. एजंटला सहसा आतला कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटरची यादी, एवढ्यावर त्याचा संसार. मग तो ०३/०४ म्हणजे ३ एप्रिलचं बिल ४ मार्चला शोधतो. लगेच बैठक भरते, मॉडेल मठ्ठ ठरतं, महागडं मॉडेल मागवलं जातं. (एक वाक्य वाढवण्यापेक्षा बजेट वाढवणं सोपं.) २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने टूल जोडायची पद्धत एकसारखी केली, वर्णनालाही रकाना दिला. तो भरायचं काम आता आपण एआयलाच सांगतो. उत्तर येतं : ‘हे शक्तिशाली टूल अत्यंत कार्यक्षमतेने डेटा आणते.’