थोरले मालक

सत्त्याऐंशी वर्षांच्या थोरल्या मालकांच्या खिशात दोन वस्तू कायम असतात: एक चाकू आणि रँचचं चेकबुक. त्यांतला चाकू ते मागेल त्याला देतात.

चाकू लागतो शेण उकरायला. नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये, म्हणजे नुसत्या गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या त्या अफाट मुलखात, पाहुणा आला की त्याला आधी कॉफी आणि मग शेण दाखवायचं, अशी त्यांची पद्धत आहे. वाळका पो उलटा करायचा, खालची शेणकिड्यांची भोकं मोजायची आणि ती आपणच पाडल्यासारखं पाहुण्याकडे बघायचं.

त्यांच्या वडिलांच्या काळी गुरं मे महिन्यात कुरणात सोडली की थंडी पडेपर्यंत तिथेच. चवीचं गवत पुन्हापुन्हा तोंडाखाली येऊन मरायचं, नावडतं माजायचं, आणि मुळं सुटली की वारा वाळू उपसून टेकडीलाच खड्डा पाडायचा. थोरल्या मालकांनी आंद्रे व्वाझँ या फ्रेंच गृहस्थाचं १९५७ सालचं गवतावरचं पुस्तक कुठूनसं मिळवून वाचलं आणि घरात बंड केलं. मोठ्या कुरणाचे चाळीस कप्पे पाडले, सौरऊर्जेवरचं झटका मशीन बसवलं. गुरं रोज नव्या कप्प्यात. निम्मं गवत खायचं, निम्मं राखायचं, आणि मुळं सावरेपर्यंत त्या कप्प्याकडे फिरकायचं नाही. मोडलेली टेकडी पुन्हा गवताने झाकली गेली, हे खरंच. २००८ साली काही शास्त्रज्ञांनी जुने प्रयोग तपासून, फिरत्या चराईने उत्पन्न वाढतं याला पुरावा दिसत नाही, असं लिहिलं होतं. थोरल्या मालकांचं त्यावर एकच म्हणणं: त्यांनी येऊन माझं शेण बघावं.

‘एका जागी फार दिवस उभं राहिलेलं जनावर कुरणाचा नाश करतं,’ हे ते येईल त्याला सांगतात. सांगत असताना त्यांचे चिरंजीव, धाकटे मालक, स्वतःच्या बुटांकडे बघत असतात.

धाकटे मालक एकोणसाठ वर्षांचे आहेत. एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत. पहाटे गुरं हलवायची, तार गुंडाळायची, पाण्याच्या टाकीतला बर्फ फोडायचा, ही सगळी कामं त्यांची. झटका मशीनची बॅटरी घ्यायची झाली तर मात्र चेक थोरल्यांकडून आणायचा. २०२२ च्या कृषिगणनेत अमेरिकन शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ निघालं. ‘बघ,’ थोरले म्हणाले, ‘तू आत्ता कुठे सरासरीला आलास.’

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. १९०४ च्या किंकेड कायद्याने इथे माणशी ६४० एकर जमीन फुकट मिळाली, आणि एवढ्या वाळूत कुटुंब जगत नाही हे लोकांना लवकरच कळलं. बरेच जण विकून गेले. आजोबा राहिले आणि शेजाऱ्यांची जमीन घेत गेले. वडिलांनी ती घट्ट धरली, एक्याण्णवाव्या वर्षी प्राण सोडेपर्यंत. थोरल्यांच्या हाती चेकबुक आलं तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. ‘माझं काही वाईट झालं का?’ असं ते विचारतात, आणि उत्तर यायच्या आत टोपी घालून बाहेर पडतात.

नात गवतशास्त्र शिकून परत आली आहे. थोरल्यांनी हौसेने तिला एक चाकू घेऊन दिला, पण गुरांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधायची तिची कल्पना त्यांना पटेना. तारेची गरजच नाही, हद्दीजवळ आलं की पट्टा आधी वाजतो, नाही ऐकलं तर झटका देतो. मालकीणबाईंनी मात्र बारकाईने चौकशी केली. हे पट्टे माणसाच्या मापाचे येतात का, एवढंच त्यांना हवं होतं.

वारसाचा विषय निघाला की थोरले सरकारकडे बोट दाखवत: मेल्यावर कर भरूनच पोरं भिकेला लागतील. वकिलाने समजावलं की २०२६ पासून माणशी दीड कोटी डॉलरपर्यंतच्या मिळकतीवर केंद्राचा वारसा-कर लागतच नाही. थोरले जरा नाराज झाले. इतक्या वर्षांचा आधार गेला. खरी अडचण वेगळीच होती. दोन मुली ओमाहात. तिघांना सारखी वाटणी म्हणजे धाकट्याने बहिणींचे हिस्से वासरं विकून घ्यायचे, आणि सँडहिल्समधली जमीन ज्या भावाला जाते तो भाव कुठलंच वासरू फेडू शकत नाही. जमीन विकली तर लक्षाधीश, न विकली तर ट्रॅक्टरचा हप्ता थकलेला. मुलींचं म्हणणं साधं होतं: काय ते ठरवा, पण तुम्ही असताना ठरवा. वकील दोनदा कागद घेऊन आला. दोन्ही वेळा त्याला शेण दाखवण्यात आलं.

अखेर गेल्या हिवाळ्यात थोरले घोड्यावरून पडले आणि दवाखान्यात त्यांनी स्वतःहून वकिलाला बोलावलं. कुटुंबाची कंपनी स्थापन झाली. ९८ टक्के थोरल्यांचे, २ टक्के धाकट्यांचे, मुलींना विम्याचे पैसे. गावातल्या कॅफेत थोरल्यांनी सगळ्यांना पाई खिलवली आणि जाहीर केलं, ‘आता सगळं पोराच्या हाती. मी सुटलो.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिलाचा चेक त्यांनीच फाडला.

महिन्याभराने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कंपनीची पहिली सभा भरली. पाचशे डॉलरपर्यंतच्या चेकवर धाकट्या मालकांना सही करू द्यावी, असा ठराव धाकट्यांनी मांडला. थोरल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मुद्देसूद मांडणीबद्दल पोराचं कौतुक केलं आणि मतदान घेतलं. ठराव २ विरुद्ध ९८ मतांनी फेटाळला गेला. सभेचं इतिवृत्त लिहायचं काम एकमताने धाकट्या मालकांकडे सोपवण्यात आलं.