बेगमीचा गेम

हौसेखातर व्हिडिओ गेम बनवणारा माणूस सावंतवाडीत ओळखायचा, तर त्याला ‘झालो काय रे तुझो गेम?’ एवढंच विचारावं. ‘जाता हा’ असं उत्तर आलं, की तोच. हे उत्तर तो तीन वर्षांपूर्वीही देत होता आणि आणखी तीन वर्षांनीही देईल. दिवसा तो पतसंस्थेत, शाळेत नाहीतर महावितरणच्या कचेरीत असतो. रात्री भांडी घासून झाली, दारं लागली, की लॅपटॉप उघडतो. गेम असतो सर्व्हायव्हलचा, म्हणजे एक माणूस, एक रान, भूक, अंधार, आणि शेवटपर्यंत जगून दाखवायचं. चित्रं मुद्दाम ठोकळ्यांची, नव्वदीच्या दशकात कॅसेट फुंकून टीव्हीला जोडायचो त्या जमान्यातली. रंग मोजून चार. संगीत एका बोटानं पेटी वाजवल्याइतपत. घरच्यांचा या साऱ्यावरचा अभिप्राय एका वाक्याचा आहे: ‘ह्येच्यान पोट भरतला काय?’ आता गंमत अशी, की त्या गेममध्ये पोट भरण्याखेरीज दुसरं काहीच नाही. माझं म्हणणं असं, की ज्याला सगळे पळपुटा म्हणतात तो हा माणूस प्रत्यक्षात घरचा हिशेब लिहितो आहे. फक्त तो हिशेब घरच्यांनी ओळखलेला नाही, आणि त्यानं स्वतःही नाही.

सर्व्हायव्हल गेमचं बाहेरचं सोंग मोठं. जाहिरातीत लांडगे असतात, झोंबी असतात. आत उघडून पाहावं तर खतावणी: लाकडं किती, पाणी किती, दिवस किती. या जातीचा आद्यपुरुष म्हणावा असा ‘ओरेगॉन ट्रेल’ १९७१ साली अमेरिकेत, मिनेसोटात, शिक्षक होऊ घातलेल्या तिघा तरुणांनी मुलांना इतिहास शिकवण्यासाठी केला. त्याला पडदासुद्धा नव्हता. टेलिटाइप यंत्र कागदावर ओळी छापायचं: इतकं धान्य उरलं, इतक्या गोळ्या उरल्या, पुढे काय करता? मायकल टाउनसेंडचा २०१३चा ‘अ डार्क रूम’ तर नुसत्या अक्षरांचा. गारठलेली काळोखी खोली आणि आग पेटवायचं एक बटण, एवढ्यावर सुरुवात. तरी लोक रात्र रात्र लाकडं मोजत बसले. लाकडं मोजायला कोकणातल्या माणसाला खरं तर इतकं लांब जायचं कारण नव्हतं. वैशाखात इथे घरोघर तेच चालायचं. उकडे तांदूळ किती पायली, माळ्यावर शेणी किती, खारे बांगडे, सोलं, मातीत पुरलेल्या आठळ्या, फणसाची साठं. मिरगाच्या आत सगळं घरात आलं पाहिजे. पलीकडे गोव्यात यालाच पुरुमेंत म्हणतात. हा सगळा जमाखर्च बायकांच्या डोक्यात असे आणि एका ओळीनंही कुठे लिहिलेला नसे. मग दर महिन्याला दुकानातून पिशवी येऊ लागली आणि ती विद्या निकामी झाली. ती निकामी झाल्यावर आता घरातला मुलगा रात्री अकरा वाजता तीच कोष्टकात मांडतो आहे, आणि आपण जुन्या जपानी गेमच्या परंपरेत काम करतो अशी त्याची समजूत आहे. आठळ्या किती दिवस टिकतात हे तो इंटरनेटवर इंग्रजीत शोधतो. ज्यांना ते ठाऊक आहे त्या बायका शेजारच्या खोलीत मालिका बघत असतात.

यावर पहिला आक्षेप असा, की सावंतवाडीत कोण उपाशी मरतो? दोन वेळा भात-आमटी हातात मिळणाऱ्यानं जगण्याच्या झुंजीचे खेळ करावेत, हे ढोंग झालं. आक्षेप वजनदार आहे, पण त्यात झुंज म्हणजे उपासमारच, असं गृहीत धरलेलं आहे. परदेशी गेममध्ये माणूस थंडीनं मरतो. इथे थंडीनं मरायचं ठरवून आंबोलीला गेलं तरी फार तर सर्दी होईल. पण त्याच आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि म्हणून या माणसाच्या गेममधला वैरी आहे ओल. काडेपेटीतली काडी पेटत नाही, तांदळाला किडे होतात, कपडे चार दिवस दांडीवर राहूनही आंबट वास सोडत नाहीत, चामडी पट्ट्यावर बुरशी येते. ओलीचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात हळूहळू वर चढतो आणि खेळणारा काहीही करत नसला तरी चढतोच. झोंबीला निदान काठीनं मारता तरी येतं. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री चढणीचे मासे येतात, तेही एकदाच. त्या रात्री झोपलात तर गेले. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाला घासून गेलं, तेव्हा कितीतरी गावांनी दिवसचे दिवस विजेविना काढले. तेव्हा चुलीला लाकूड, पंपाविना पाणी आणि फ्रीजमधली मासळी हे गणित भल्याभल्यांना सुटेना. त्या गणिताला जर कुणी गेमची मांडणी देत असेल, तर तो पळाला कुठे? तो गावातच आहे. फक्त गॅसचा सिलिंडर नोंदवायला विसरतो, हे मान्य करावं लागेल.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: ‘चित्र काढूक येणा नाय म्हणान ठोकळे.’ हा निम्मा खरा आहे. तरीही त्याला फणस काढताना एकदा जवळून पाहावं. सोळा बाय सोळा, म्हणजे २५६ चौकोन. रंग १९८९च्या गेमबॉयसारख्या एकाच हिरव्याच्या चार छटा. काटे दाखवावेत तर भिजलेलं साळिंदर दिसतं, काटे पुसावेत तर कलिंगड, देठ लांबवावा तर उंदीर. दोन रात्री यात जातात. शेवटी देठाच्या टोकाशी तो एक फिकट ठिपका ठेवतो, चिकाचा. त्या एका ठिपक्यानं फणस होतो. हात चांगला असलेल्या चित्रकाराला हा ठिपका सुचायचं कारणच नाही, त्याचं त्यावाचून भागतं. १९८५च्या सुपर मारिओमध्ये वरचा ढग आणि खालचं झुडूप हा एकच आकार आहे, फक्त रंग बदललेला. जागा पुरत नव्हती म्हणून केलेली ही काटकसर जगानं डोक्यावर घेतली. आणि सावंतवाडीकरांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. इथल्या राजवाड्यातल्या दशावतारी गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, त्यांची पानं १२०, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. राजा आणि प्रधान सोडले तर उरलेल्या शंभर पानांवर नुसती खूण, जितका आकडा तितके वेळा. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं. शिवाय डाव दिवसा रामानं उघडायचा आणि रात्री कृष्णानं, असा नियम. दिवस-रात्रीप्रमाणे खेळ बदलतो ही आपल्या गेममधली मोठी करामत म्हणून हा माणूस सांगत फिरतो. राजवाड्यापर्यंत चालत गेला असता तर तोंड आवरलं असतं.

तिसरा प्रश्न, खेळणार कोण? याचं उत्तरही राजवाड्यातच आहे. गंजिफा मरायला टेकल्या होत्या, तेव्हा १९७०च्या दशकात इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी चिताऱ्यांना हाताशी धरून त्या पुन्हा उभ्या केल्या. आज ते गोल पत्ते लोक कौतुकानं विकत घेतात, काचेत लावतात, पाहुण्यांना दाखवतात. डाव टाकून बसणारा विरळा. खेळणाऱ्यावाचूनही खेळ मानानं जगू शकतो हे ज्या गावानं दाखवून दिलं, त्या गावानं ‘खेळतलो कोण’ असं विचारू नये.

पैशाच्या बाबतीत मात्र त्यानं स्वतःच आपली बाजू बिघडवलेली आहे. घरी विषय निघाला, की तो दाखले देतो: मार्कस पर्सननं एकट्यानं सुरू केलेला ‘माइनक्राफ्ट’ २०१४ साली मायक्रोसॉफ्टनं २५० कोटी डॉलरला घेतला, एरिक बॅरोननं साडेचार वर्षं एकट्यानं खपून ‘स्टार्ड्यू व्हॅली’ केला आणि २०१६मध्ये नशीब उघडलं. पुण्याचा ‘राजी’ २०२०मध्ये जगभर गेला हेही सांगतो. त्यामागे पगारी माणसं आणि कंपनी होती हे गाळतो. सासऱ्यांना यातून एवढंच कळतं, की जावई लॉटरीची तिकिटं काढतो. मुळात मिळकतीचा पुरावा द्यावाच का? दशावतारी नाटकात हौसेनं संकासुर होणाऱ्याला ‘यातून फ्लॅट होईल का?’ असं कुणी विचारत नाही. कॅरमवर गेलेल्या संध्याकाळींचा आणि तलावाकाठी बसून पाडलेल्या सरकारांचा हिशेब तर कुणीच ठेवत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, की हा गेम पुरा होणार नाही. नाहीच होणार. अमेरिकेतले अ‍ॅडम्स बंधू २००२पासून ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’वर काम करत आहेत, २००६मध्ये त्यांनी तो लोकांपुढे ठेवला आणि अजून हात काढलेला नाही. पण आपल्या माणसाचं घोडं नेमकं कुठे अडलं आहे ते सांगण्याजोगं आहे. त्याच्या गेमचा पहिला दिवस मिरगाचा आणि शेवटचा चतुर्थीचा. त्या दिवशी मुंबईहून चाकरमानी उतरतात, आणि तीन महिने पुरवून पुरवून वापरलेलं धान्य जेवायला बसतात. कुणी मागितलं नसताना त्यानं प्रत्येक आकडा जुन्या यंत्रांच्या हट्टानं आठ बिटांत ठेवला आहे, म्हणजे शून्य ते २५५, वर नाही आणि खाली नाही. १९८०चा पॅकमॅन असल्याच हट्टापायी २५६व्या पातळीला अर्धा पडदा कचरा दाखवून बंद पडतो. इथे उलट घडतं. चतुर्थीच्या त्या पंगतीत तांदूळ शून्यावर येतो, त्याच वेळी आणखी एक काका पानावर बसतात, शून्यातून एक वजा होतो आणि आकडा फिरून थेट २५५ पायल्यांवर जातो. कोठार भरलेलं. ज्या मित्रांना तपासायला दिला त्यांनी ही चूक म्हणून कळवली. दुरुस्ती एका ओळीची आहे आणि ती ओळ त्याला येते. तो म्हणतो, चतुर्थीत असाच होता, खंयसून येता कोणाक कळणा नाय. आणि ती ओळ काही लिहीत नाही.